डोमाभाऊजींच्या बाटलीतल्या पोरी

डोमाभाऊजींच्या वावरात शिंकायला बंदी होती. मी ती एकदा मोडली, तर त्यांनी मला पार रोडपर्यंत हाकलत नेलं. "सर्दी घेऊन पोरीइजवळ येता, वहिनी! अक्कल कुठं ठेवली वो?"

पोरी म्हणजे केळी. आमच्या केशोरीत बघाल तिकडे धान. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल करायचा आणि रोपांचा रोवणा करायचा, पणज्यापासून हेच चालत आलेलं. त्यात एका वर्षी आमच्या या शेजाऱ्याने अख्ख्या बांधीत टिशू कल्चरची केळी लावली. रोपं टेम्पोतून आली, इवल्याशा काळ्या पिशव्यांत. टेम्पोवाल्याने सहज सांगितलं, की ही कंदापासून झालेली नाहीत, प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत वाढवलेली आहेत, तिथं जंतूलाही प्रवेश नसतो. झालं! भाऊजींनी वावराच्या कडेला, धुऱ्यावर, पाण्याचं मडकं आणि साबणाची वडी आणून ठेवली. हातपाय धुतल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही. आमचे हे एकदा वैतागले, "काऊन गा डोमा, शेणखत टाकतोस ना तू त्याइले? मग माह्या पायानं काय घोडं मारलं?"

"शेण पवित्र रायते," भाऊजी म्हणाले. "तुहे पाय पाह्यले मी."

हौस दांडगी, पण हात धानाचे. इटियाडोह धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं, तसं भाऊजींनी सवयीने पाणी घेतलं आणि बांधी घोट्याएवढी भरून ठेवली. धानाला तो लाड झाला असता, केळीची मुळं मात्र कुजायला लागली. पानं पिवळी पडली. त्यांची बायको शेवंताबाई आमच्या ओट्यावर येऊन कपाळाला हात लावून बसली. "जेवून नाही राह्यला वो माणूस. पोरी बुडवल्या मीनं, येवढंच म्हणून राह्यला." शेवटी बांध फोडला, चर खणले, पाणी काढलं, तेव्हा कुठं बऱ्याचशा वाचल्या. मग ठिबकच्या नळ्या आल्या आणि भाऊजी गावभर सांगत फिरले, "सलाईन लावली पोरीइले. आता धोका नाही."

एवढी केळ नजरेसमोर डोलायला लागल्यावर गाव गप्प बसतंय होय? आमच्याकडे लग्नाच्या मांडवाला दाराच्या दोन्ही बाजूंना केळ बांधतात. ज्याच्या घरी लग्न, तो विळा घेऊन त्यांच्या धुऱ्यावर. आणि भाऊजी आडवे. "घड नाही टाकला अजून तिनं. तुह्या घरच्या लग्नासाठी माही पोर कापू?" एका नवरदेवाच्या मामाला तर त्यांनी केळीऐवजी हातात बांबू देऊन वाटेला लावलं. लोक त्यांना कंजूष म्हणायचे. मीही म्हणायची. तोंडावर नाही, चुलीपाशी; पण मनापासून.

आणि नेमकं आमच्या सुषमाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक! परसातली आमची केळ माकडांनी मोडून टाकलेली. मांडव उभा राहिला, जांभळीचे डहाळे चढले, दार मात्र बोडकं. हे म्हणाले, "डोमाले विचारून पाहू काय?"

"खबरदार!" मी म्हटलं. "त्या माणसापुढं पदर नाही पसरणार मी."

खरं सांगू? राग केळीचा नव्हताच. पोर जाणार या विचारानेच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भांडायला भाऊजी बरे सापडले होते.

संध्याकाळी दारात बैलबंडी थांबली. भाऊजी उतरले. बंडीत कंबरेएवढ्या दोन केळी होत्या, मुळांसकट, मातीच्या गड्ड्यासकट, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या. "तोडल्या नाही, खोदून आणल्या," ते म्हणाले आणि मोठ्या टोपल्यांत दाराच्या दोन्ही अंगांना त्यांनी त्या उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी लोक अक्षता टाकत होते, तेव्हा भाऊजी महाराज तांब्याने केळींना पाणी घालत होते. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्याने जेवून केळीच्या पानाला हात पुसला, त्याचीही त्यांनी गय केली नाही. सोयरा असला तरी!

लेक गेली. पाहुणे पांगले, मांडव उतरला. घर असं गप्प झालं की मला आत जाववेना. ओट्यावर बसून रडत होते, तर बंडी परत आली. केळी न्यायला आले असतील म्हणून मी डोळे पुसले. पण भाऊजी फावडं घेऊन आमच्याच अंगणात खड्डा खणायला लागले.

"नेत नाही काय भाऊजी?"

"राहू द्या. सकाळी उठून कोणाच्या मागं लागाल, वहिनी? पोर गेल्यावर आंगण खायाले धावते."

दोन्ही केळी लावून त्यांनी पायाने माती दाबली. त्यांनाही एकच लेक, मंदा. केळी लावायच्या आधीच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती पार सुरतेला गेली. वर्षा-दोन वर्षांनी तोंड दिसायचं. मी तांब्या भरून आणला. तो त्यांनी घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"तुमाले दोन पुरतीन," ते केळीला पाणी घालत म्हणाले. "तुमची सुषमा इथं वडशालेच हाये, येत-जात राहीन. आमची मंदा सुरतेले गेली, त मले बांधीभर लावा लागल्या."