कप्प्यातली कवळी

सभागृहासमोर गाडी उभी राहिली, तसं सासऱ्यांनी समोरच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. तोंडानं काही बोलले नाहीत, कारण त्यांची कवळी त्या कप्प्यात होती.

नवी कवळी हिरड्यांना टोचत होती. भाषणापुरती लावा, तोवर काढून ठेवा, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. निघताना सासरे डबी खिशात घालणार, तेवढ्यात जावई म्हणाला, "बाबा, कप्प्यात ठेवा. तिजोरी आहे तिजोरी." मुलीनं डोळ्यांनीच विनवलं, म्हणून सासऱ्यांनी ऐकलं. सारा जन्म लिफ्ट तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाचं आज नव्या तपासनिसांपुढे मानाचं भाषण होतं. आपल्या तोंडाचं बोळकं झालंय हे त्यांनी आजवर घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं.

जावयानं पडद्याला हात लावला. या विजेच्या गाडीत बटण औषधालाही नव्हतं. काच खाली करा, वारा लावा, कप्पा उघडा, सगळं त्या एका पडद्यावरून. बटणं म्हणजे मागच्या पिढीची खोड, आमची गाडी रोज स्वतःच स्वतःला सुधारते, असं कंपनीच्या मालकानं जाहिरातीत छातीठोकपणे सांगितलं होतं आणि जावयाला ते तोंडपाठ होतं. गाडी घेतली त्या दिवशी सासऱ्यांनी विक्रेत्याला एकच विचारलं होतं, "पडदा बंद पडला तर?" विक्रेता हसला होता. जावईसुद्धा हसला होता.

आता पडद्यावर लिहिलं होतं, 'गाडी स्वतःला सुधारत आहे. कृपया थांबा.'

"हे कधी सुरू झालं?" मागच्या सीटवरून त्याच्या बायकोनं विचारलं.

"मीच केलं. गाडी लावल्या लावल्या तिनं विचारलं, मी 'हो' दाबलं."

"आत्ताच काय नडलं होतं?"

"यापुढे आपण जवळ आलो की ती दिवे लुकलुकवून स्वागत करणार आहे. म्हटलं, बाबांना दाखवू."

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

बायकोनं केसातली पिन काढून कप्प्याभोवती फिरवली, पण घुसवायला फट तरी हवी ना. कप्पा उकडून सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. शेवटी जावयानं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"काळजी करू नका सर. कप्पा हातानं उघडायची सोय आहे."

जावयाच्या जिवात जीव आला. "कुठं आहे ती?"

"पुस्तिकेत चित्रासकट दिलंय."

"आणि पुस्तिका?"

पलीकडचा आवाज बारीक झाला. "कप्प्यात, सर."

तेवढ्यात संयोजक धावत आले. "चला साहेब, सगळे खोळंबलेत."

सासरे ओठ घट्ट मिटून हसले. मुलीनं वेळ सावरली. "बाबांचा घसा बसलाय हो. भाषण लिहून आणलंय, ते हे वाचतील."

सासऱ्यांनी खिशातले कागद काढून जावयाच्या हातात ठेवले. एवढ्यावर भागलं म्हणून जावयानं सुटकेचा निःश्वास टाकला.

पहिलं पान झकास गेलं. दोर, ब्रेक, तपासणी. जावयाचा आवाजही खणखणीत लागला होता. मग त्यानं पान उलटलं आणि त्याला घाम फुटला. पहिल्या रांगेतून सासऱ्यांनी हातानंच खुणावलं, चालू द्या.

"'आता माझ्या जावयाच्या गाडीविषयी,'" त्यानं वाचलं. "'जावई हुशार आहे, पण जाहिरातीतलं अक्षर न् अक्षर त्याला खरं वाटतं. त्याच्या गाडीतल्या कप्प्याला कडी नाही. तो अडकला तर कसा उघडायचा ते पुस्तिकेत आहे, आणि पुस्तिका कप्प्यात आहे.'"

सभागृहात खसखस पिकली. जावयाचे कान तापले. पण थांबणार कुठं?

"'मी हे बोललो की तो म्हणतो, बाबा, तुम्ही फार जुने. जुना मी आहेच. पण लिफ्टची किल्ली लिफ्टमध्येच ठेवून दार लावणारा माणूस मी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला नसता.'"

टाळ्या थांबेनात. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्याचं त्यालाच हसू आलं, कारण त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

ते बाहेर आले तेव्हा गाडीनं लांबूनच दिवे लुकलुकवून स्वागत केलं. आत बसल्या बसल्या कप्पा आपोआप उघडला. सासऱ्यांनी डबी घेतली, तोंड फिरवून कवळी बसवली आणि रुमालानं ओठ पुसले. आता सुरू होणार, म्हणून जावई मान खाली घालून गाडी चालवत राहिला. चौक गेला, पूल गेला, सासरे आपले खिडकीबाहेर बघतायत.

शेवटी जावयालाच राहवलं नाही. "बोला बाबा एकदाचं. म्हणा, मी सांगितलं होतं."

"मी कशाला? आत्ता भर सभेत तुम्हीच सांगितलंत की." सासऱ्यांनी कप्प्यावरून हात फिरवला. "गाडी वाईट नाही, जावईबापू. मला इतके दिवस जे जमलं नाही, ते तिनं एका दुपारीत करून दाखवलं."