दोन्ही बाटल्या सारख्या

माझ्या हातून गेलेलं पार्सल कधी फुटत नाही! काचसामानाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पॅकिंग सांभाळतोय, उगाच नाही. त्यामुळे बायकोच्या गालातून काढलेल्या दोन तुकड्यांच्या बाटल्या लॅबमध्ये न्यायला डॉक्टरीणबाई शिपायाला हाक मारायला लागल्या, तेव्हा मला रागच आला.

"द्या इकडे, मी नेतो!"

तीन महिने तिचं तोंड आतून सोललेलं. दूध गिळतानाही रडायची. आजार दोनपैकी एक होता. एक चिवट, पण जगू देणारा; दुसरा जिवावर उठणारा. दिसायला मात्र जुळे! कोणता, ते तुकडेच सांगणार होते.

वाटेत बाकावर बसून मी झाकणं तपासली. सवय! एक जरा जास्तच तपासलं गेलं आणि आतलं पाणी थेट माझ्या पँटवर! तुकडा उघडा पडला. दुसरी बाटली काठोकाठ भरलेली. मग काय, तिकडचं इकडे ओतून दोन्ही सारख्या केल्या! डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, बायकोच्या काळजीनं.

लॅबवाल्या बाईंनी झाकण उघडून नाक मुरडलं. "ह्यात हे डोळ्यांना झोंबणारं फॉर्मॅलिन कोणी घातलं?"

"मी!" मी छाती फुगवून म्हणालो.

"अहो, ही मिठाच्या पाण्याची बाटली! ह्या तुकड्यावर चमकणारा रंग टाकून आजार ओळखतात. फॉर्मॅलिन लागलं की संपलं!"

"आणि दुसरा?"

"तो सूज आहे एवढंच सांगेल. कसली, ते नाही. पुन्हा कापावं लागणार."

घरी मी चपला दोनदा सरळ लावल्या. "अगं, त्यांना अजून एक तुकडा हवाय."

"का?"

"पहिला फार आवडला त्यांना!"

तिनं डोळे वटारले. मग मी सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून रडली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा सुई, पुन्हा टाके. या खेपेला शिपाई गेला. तुकडा छान चमकला! आजार जिवावर उठणाराच निघाला. "औषध दहा दिवस आधी सुरू झालं असतं तर बरं होतं," डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. ते दहा दिवस मी कुठून आणणार होतो?

घरी आल्यावर तिनं पहिली गोळी तळहातावर घेतली.

"पाणी आणू?" मी हळूच विचारलं.

"आणा," ती कशीबशी म्हणाली, "पण आधी तुम्ही पिऊन बघा!"