सोळाव्या मजल्याचे शिफारसपत्र

व्यवस्थापनशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्याला ज्ञानाची ओढ असावी लागते, आणि नोकरी गेल्यावर माणसाला ज्ञानाची जेवढी ओढ लागते तेवढी एरवी लागत नाही. दुबईत २००९च्या जानेवारीत ही ओढ साथीसारखी पसरली. एका नामवंत बिझनेस स्कूलकडे (नामवंत हा शब्द त्यांच्याच माहितीपत्रकातला) पीएचडीच्या सहा जागांसाठी दोनशे चौदा अर्ज आले. आदल्या वर्षी तीन आले होते. त्यातला एक चुकून.

हेमचंद्र हा त्या दोनशे चौदांतला एक. एका बांधकाम कंपनीत तो प्रगती अहवाल खात्याचा मॅनेजर होता. प्रगती थांबल्यावरही अहवाल काही महिने नेटाने चालू राहिले. मग तेही थांबले आणि हेमचंद्रला घरी पाठवण्यात आले. व्हिसा कंपनीचा, त्यामुळे तीस दिवसांत देश सोडायचा. ते तीस दिवस फेब्रुवारीच्या मध्यावर संपत होते आणि मुलीची, वैभवीची, दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. बायकोने, शोभनाने, कॅलेंडर भिंतीवरून काढून त्याच्यासमोर ठेवले.

"काय वाट्टेल ते कर. पोरीचे पेपर होईपर्यंत आपण इथून हलायचं नाही."

काय वाट्टेल ते म्हणजे पीएचडी, असे दोन दिवसांच्या शोधानंतर निघाले. हे स्कूल आपल्या संशोधकांना सहकुटुंब व्हिसा देत असे. उमेदवार जिज्ञासू असावा, अनिश्चिततेत रमणारा असावा, पाच वर्षे तुटपुंज्या उत्पन्नावर राहण्याची त्याची तयारी असावी आणि त्याला घरच्यांचा पाठिंबा असावा, असे माहितीपत्रकात म्हटले होते. अनिश्चितता आणि तुटपुंजेपणा कंपनीने पुरवलाच होता. पाठिंब्याचे कॅलेंडर टेबलावर होते. राहता राहिली जिज्ञासा.

त्यासाठी संशोधनाचा प्रश्न लिहायचा होता. हेमचंद्रने लिहिले, 'शाश्वत सकारात्मक वृद्धीचा एकात्मिक आढावा'.

"बाबा, बट व्हॉट इज द क्वेश्चन?" वैभवीने भूमितीतून मान वर करून विचारले.

हेमचंद्रने विचार करून शेवटी प्रश्नचिन्ह टाकले.

शिफारसपत्रांच्या बाबतीत आपल्याकडची पद्धत चोख आहे. ज्याची शिफारस व्हायची त्यानेच पत्र लिहायचे आणि शिफारस करणाऱ्याने फक्त सही करायची. स्वतःला इतक्या जवळून दुसरे कोण ओळखणार? हेमचंद्रने पहिले पत्र आपला जुना बॉस राजन याच्यापुढे ठेवले. राजनचीही नोकरी गेली होती. त्याने ते गाडीच्या बॉनेटवर ठेवून न वाचता सही केली. "मी पण अप्लाय करतोय रे," तो म्हणाला, "माझंही लिहून टाक ना. तुझा हात बसलाय." हेमचंद्र सर्वोत्कृष्ट पाच टक्क्यांत मोडतो, असे पत्रात होते. (दोनशे चौदांपैकी दोनशे अकरा अर्जदार सर्वोत्कृष्ट पाच टक्क्यांत मोडत होते. उरलेल्या तिघांची पत्रे शिफारस करणाऱ्यांनी स्वतः लिहिली होती.)

दुसरे पत्र उमेदवाराचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे हवे होते. कंपनीचे संचालक तोवर हवापालटासाठी निरनिराळ्या खंडांत गेले होते. सापडला तो साइटवरचा फोरमन दगडू, मूळचा गुहागरकडचा. तो आता शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात याकूबच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी गेट जोडत होता. हेमचंद्रने पत्र पुढे केले. दगडूने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला.

"सायब, सही मारतो. पन आधी वाचून दाखवा."

हेमचंद्रने मराठी करून वाचून दाखवले. दगडूने शेवटपर्यंत ऐकले.

"ह्यात तुमी कुठं हाव? मी सांगतो तसं लिवा. नायतर खलास, सही नाय."

फेब्रुवारीचे दहा दिवस संपले होते. हेमचंद्रने निमूटपणे लिहून घेतले. (इंग्रजी पत्र याकूबकडून हिंदीत वदवून घेतल्यावरच दगडूने सही केली.) पत्र असे होते: 'साहेब दोन वर्षे दर महिन्याला साइटवर आले. माणूस चांगला. माझ्यासाठी चहा आणायचे. खड्ड्यात बघायचे आणि विचारायचे, किती मजले झाले? मी म्हणायचो, साहेब, खड्डाच आहे. ते म्हणायचे, इन्शाल्ला. आणि लिहायचे. पहिल्यांदा चार लिहिले. शेवटी सोळा.'

मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. मधल्याच्या हातात दगडूचे पत्र होते.

"खड्डा तुम्हाला दिसत होता?" त्याने इंग्रजीत विचारले.

"हो, सर."

"मग सोळा का?"

हेमचंद्रला भयंकर लाज वाटली. खोटे सुचायला हवे होते, पण नोकरीच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच सुचले नाही. "सर, खड्डा कुणालाच नको होता. वरचे साहेब मजले मागायचे. मलाही पगार हवा होता, मुलीची शाळा होती."

प्राध्यापकाने पत्र टेबलावर ठेवले. "त्याच इमारतीत बाराव्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे," तो म्हणाला. "तुमचा अहवाल मला दर महिन्याला यायचा. आणि त्या खड्ड्यावरून मी रोज कामाला यायचो."

समितीने दोन दिवसांत निर्णय दिला. (एवढ्या वेगाने त्या स्कूलने त्याआधी फक्त फी घेतली होती.) सर्वांत योग्य उमेदवार दगडू असल्याचे तिघांचे एकमत झाले. दोन वर्षे एकाच जागी निरीक्षण, आणि दिसले तेवढेच सांगितले. पण तो सातवी पास असल्याने नाइलाज झाला. सहा जागांपैकी एक राजनला मिळाली. त्याचे पत्र फार सुंदर होते. त्याच्या प्रबंधाचा विषय ठरला 'खड्डा दिसत असूनही मजले लिहिणारी माणसे', आणि त्यासाठी स्कूलने हेमचंद्रलाही घेतले, नमुना म्हणून. व्हिसा सहकुटुंब, प्रबंध पूर्ण होईपर्यंत. शोभनाने कॅलेंडर पुन्हा भिंतीवर टांगले. वैभवीने सगळे पेपर दिले आणि पहिल्या वर्गात पास झाली.

राजनच्या प्रबंधाचा मासिक प्रगती अहवाल अर्थातच हेमचंद्र लिहितो. प्रबंध अजून सुरू व्हायचा आहे. अहवालात सध्या सोळा प्रकरणे झाली आहेत.

या संशोधनासाठी आणखी तीनशे नव्व्याण्णव नमुने हवे आहेत. शिक्षणाची अट नाही. रोज खड्ड्यावरून जाऊन घरी कागदावरचे मजले मोजलेले असले की पुरे. ही गोष्ट दुबईतल्या कुणा हेमचंद्रची आहे, असे समजून जे इथवर मजेत वाचत आले, त्यांनी अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. त्यांची निवड झालेली आहे.