गोऱ्ह्याची बैठक

ज्या वस्तूचा वर्ग ठरलेला नाही, तिला रस्त्यावर येऊ दिलं तर राज्यकारभाराचा डोलारा कोसळतो. सुदैवाने १९७८ साली भंडारा जिल्ह्यात हे ओळखून असलेलं एक वाहन-मान्यता कार्यालय होतं. म्हणूनच तेजरामची गाडी पाहताच ते सावध झालं.

तेजरामने पाण्याच्या पंपाचं इंजिन, दोन मोपेडींची चार चाकं, पुढे हाकणाऱ्यासाठी फळी आणि मागे हॉटेलातली टिनाची खुर्ची, अशी मोट बांधली होती. त्याची बायको तुळसा हिचे गुडघे धानाच्या रोवणीच्या चिखलात कामातून गेले होते आणि आंधळगावचा बाजार दोन कोसांवर. तिथे भाजी विकायची तिची ठरलेली जागा होती. वेळेवर पोचली नाही तर ती जागा दुसरीच्या टोपलीखाली जाणार होती. (अर्जात या कारणासाठी रकाना नव्हता.)

कार्यालयातल्या साहेबांनी शांतपणे समजावलं. दोन चाकं म्हणजे फटफटी, तीन म्हणजे रिक्षा, चार म्हणजे मोटार. आणि मोटारीत मोटारीसारखं काहीतरी दिसायला हवं.

"साहेब, माह्या बायकोले चालता येत नाही, म्हणून केली जी," तेजराम म्हणाला.

"बायकोला मान्यता लागत नाही," साहेब मायेने म्हणाले. "गाडीचं बोला."

मोटारीला दार हवं, म्हणून तेजरामने दार बसवलं. भिंती नव्हत्या, तरी साहेब तपासणीला दारातूनच आत गेले. मग वायपर हवा होता. काच नसल्यामुळे तो हवा पुसत असे. पण पुसतो उत्तम, असा शेरा मिळाला. शेवटी दोन शिपायांनी गाडी सहज उचलली आणि घात झाला. दोघांना उचलता येते ती मोटार नव्हे, सामान होय, असा निर्णय झाला. तोवर एक रोवणी आणि एक कापणी उरकली होती. तुळसा काठी टेकत बाजाराला जात होती, आणि तिचे गुडघे शेकताना तेजरामला स्वतःचीच लाज वाटायची.

कार्यालयातले कवडू बाबू मात्र देवमाणूस. बैलगाडीला मान्यता लागत नाही, हे त्यांनीच शोधलं. गाडीला बैल बांधला की झाली बैलगाडी. मग इंजिन म्हणजे तिच्यातलं सामान (सुरू असलं तरी). तेजरामकडे बैल नव्हता, गोऱ्हा होता. बैलाचं वय नियमात नसल्याने तो चालला.

पुढे बांधला तर इंजिनाच्या धडधडीने बिचकून तो गाडीसकट धानाच्या बांधीत शिरला. मागे बांधला तर फरफटत आला. तेजरामने हात टेकले.

"बैल बांधलेला पायजे. कुठी बांधाचा, हे काही लिवलं नाही," कवडू बाबू म्हणाले. "वर बांध ना."

खुर्ची काढून गोऱ्हा वर चढवला. साहेबांनी समाधानाने स्वतः दार लावलं आणि कागदावर सही केली.

बाजाराच्या दिवशी तुळसा नवं लुगडं नेसून गाडीपाशी आली. मागे जागा नव्हती. टोपलीही ठेवता येईना, कारण गोऱ्हा भाजी खायचा. तेजराम त्याचा दोर सोडायला वाकला.

"राहू द्या," तुळसा म्हणाली. "त्याचा कागद हाये. माहा कुठी हाये?"

टोपली डोक्यावर घेऊन ती गाडीमागून चालू लागली. काही वेळाने गाडी हाकणाऱ्या तेजरामला मागे तुळसा दिसेनाशी झाली.

आंधळगावात गाडीचं स्वागत दणक्यात झालं. गोऱ्हा दारावरून मान काढून पाहत होता. त्याला नीट पाहता यावं म्हणून माणसं मिळेल तिथे दाटीवाटीने उभी राहिली, तुळसाच्या जागेवरसुद्धा. उन्हं चढल्यावर ती लंगडत पोचली आणि टोपली टेकायला जागा शोधू लागली. तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बाई, बाजूला व्हा जरा, गोऱ्हा दिसून नाही राहिला."

तो आवाज कोणाचा, हे तेजरामला कळलं नाही. तुम्हाला ओळखू यायला हरकत नाही. इतका वेळ तुम्हीही गोऱ्ह्याकडेच बघत होतात.