बबनरावांचे सहा हात

सरपंचपदाच्या निवडणुकीस अवघे आठ दिवस उरले असता, नेकनूरचा छायाचित्रकार फिरोज याच्यापुढे एक बिकट प्रश्न उभा ठाकला. शेजारच्या वाडीचे उमेदवार बबनराव यांना, आपण बांधलेल्या पाण्याच्या टाकीसह फ्लेक्सवर झळकावयाचे होते. परंतु त्या रणरणत्या उन्हात टाकी नीट यावी, तर बबनराव कोळसा होत. आणि बबनराव उजळावेत, तर पांढरीशुभ्र टाकी उन्हात विरघळून जाई.

"फिकर करू नका, साहेब," फिरोज म्हणाला. "नवं सॉफ्टवेअर आणलंय. तीन फोटो काढतो. एक टाकीसाठी, एक सदऱ्यासाठी, एक तुमच्या तोंडासाठी. कम्प्युटर तिन्हीचा एक करतो. फकस्त हालू नका."

"माझं तोंड यवडं काळं हाय का बे, त्याला येगळा फोटू लागाय?"

तथापि निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्याने निश्चल राहणे हे सृष्टिनियमाविरुद्ध होय. पहिल्या फोटोच्या वेळी एसटी गेली, बबनरावांनी दोन्ही हात उंचावले. दुसऱ्या वेळी एक मतदार गेला, त्यांनी हात जोडले. तिसऱ्या वेळी कोणीच गेले नाही, म्हणून त्यांनी तंबाखू मळली.

फिरोजने सॉफ्टवेअरवर श्रद्धा ठेवून, न पाहताच चित्र छापखान्यास धाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या चौकात फ्लेक्स लागला. 'निर्व्यसनी नेतृत्व' या अक्षरांखाली सहा हातांचे बबनराव उभे होते. दोन हात तंबाखूत गुंतलेले. फिरोजला आपल्या दुकानाचे शटर कायमचे खाली येताना दिसू लागले.

"फिरोज्या, माझी इज्जत गेली की बे!" बबनराव गरजले.

इतक्यात वाडीतली म्हातारी तुळजाबाई आली. सहा हात पाहून तिने भक्तिभावाने पदर सावरला, नमस्कार केला. मग तिची दृष्टी वर गेली. एरवी डोळे दिपविणारी टाकी येथे भेगा-पोपड्यांसह स्वच्छ उमटली होती. वर चढणारा पाईप टाकीच्या वीतभर अलीकडेच संपला होता.

"वरीसभर म्हनतूस, लाईट न्हाई म्हून पानी न्हाई," ती म्हणाली. "आरं बबन्या, सहा हातं हायती, अन् एकाला बी यवडा पाईप जोडता आला न्हाई व्हय?"

चौकातील प्रत्येक मान वर झाली.

बबनरावांनी फिरोजला हळूच बाजूस घेतले आणि अत्यंत प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाई, दुसरा फ्लेक्स छाप. हात सहाच्या सहा ऱ्हाऊ दी, तंबाखू बी ऱ्हाऊ दी. फकस्त टाकी उन्हात पार इरघळवून टाक."