साडूच्या मागावर

साडू तीन मजले चढून आला आणि धाप न टाकता म्हणाला, "चहा टाका!" तिथेच टेलरमास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

कालपरवापर्यंत हाच माणूस दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहायचा. सिगारेटी दोघांच्या सारख्याच, खोकलाही सारखाच. त्यावरच तर दोघांचं गूळपीठ जमलेलं. आणि आता हा रोज पहाटे पळतो म्हणे!

"शिका जरा भाऊजींकडून," मास्तरांची बायको म्हणाली. "नाहीतर तुम्ही! सुईत दोरा ओवलात तरी दम लागतो."

झालं! मास्तरांनी जन्मभर शिवलेल्या एकाही ब्लाउजची तारीफ नाही, आणि या बँकेतल्या कॅशियरचं कौतुक मात्र नुसतं उतू चाललंय! मास्तरांची आग आग झाली.

"पळतोय कसला! कोपऱ्यावर जाऊन झुरके मारत असेल लेकाचा." त्याला रंगेहाथ पकडायचंच, असा त्यांनी चंग बांधला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोपी नाकापर्यंत ओढून मास्तर निघाले. साडू खरंच पळत होता. पहिल्याच वळणावर मास्तरांची छाती भात्यासारखी वाजू लागली आणि साडू दिसेनासा झाला. पुढच्या वळणावर ओढत असणार! मग मास्तरांनी रोज थोडं पुढे जायला सुरुवात केली. गंमत म्हणजे, मास्तरांनी वेग वाढवला की साडूही वाढवायचा. पाळतीवर असताना सिगारेट पेटवायची सोय नव्हती, आणि घरी आल्यावर पेटवायची इच्छाच उरत नसे. महिने गेले, पण साडू काही सापडेना.

एका रविवारी साडू आपली प्रगती दाखवायला मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला डॉक्टरांकडे घेऊन गेला; मास्तरांना 'सिगारेट सोडा' सांगून थकलेले तेच ते डॉक्टर. नळीत फुंकलं की काटा सरकायचा, असं यंत्र होतं. साडूचा काटा छान सरकला. "वा, भाऊजी!" बायको म्हणाली. मास्तरांचं टाळकंच सरकलं. डॉक्टरांनी नवी नळी लावली न लावली तोच त्यांनी अशी फुंकर मारली, की काटा साडूच्याही पुढे!

"मास्तर, व्यायाम करता वाटतं?" डॉक्टर खूश झाले. "सिगारेट ओढणाऱ्यांचाही दम व्यायामाने सुधारतो. आता ती पुरती सोडा, खरा फायदा त्यातच आहे."

साडूचं तोंड एवढंसं झालं. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं.

"मीही आणखी फुंकलं असतं हो," साडू कुरकुरला, "पण जीव थाऱ्यावर कुठाय? रोज एक कानटोपीवाला चोर माझ्या मागे लागतो. त्याच्या भीतीनेच एवढा पळतो मी! पण उद्या झुडपामागे बँकेचे रखवालदार दांडकी घेऊन बसणार आहेत. हाडंच मोडतील त्याची!"

मास्तरांना दरदरून घाम फुटला.

"साडूभाऊ... तो चोर मीच."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग त्या काट्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मास्तरांनी कॉलर सारखी केली. आता तरी दोन कौतुकाचे शब्द ऐकायला मिळणार होते.

बायकोने साडूपुढे हात जोडले.

"धन्य आहे तुमची, भाऊजी! मी हात टेकले, या डॉक्टरांनी हात टेकले, पण यांना माणसात आणलंत ते तुम्हीच!"