दोन बोटं कमी

नमस्कार करण्याआधीच ज्यानं माझं माप घेतलं, असा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. मापही सदऱ्याचं किंवा कोटाचं नव्हे, टाळूपासून टाचेपर्यंतचं. लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षी मी धुळ्याच्या सुधारगृहात शिक्षक म्हणून रुजू झालो. ट्रंक अजून हातातच होती. फाटकातून आत शिरतो तोच एक उंच, वाळका म्हातारा समोर आला. त्यानं खिशातून सुताचा दोरा काढला, माझी टोपी काढून माझ्याच हातात दिली, दोऱ्याचं टोक माझ्या टाळूवर अंगठ्यानं दाबलं, खाली वाकून टाचेपाशी दोरा चिमटीत पकडला आणि तसाच चालायला लागला. मीही खुळ्यासारखा ट्रंक घेऊन त्याच्यामागे गेलो. हातमागाच्या खोलीत भिंतीवर उंच खिळ्याला एक दोरा टांगलेला होता. त्याला माझा दोरा भिडवून म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो म्हणाला, "दोन बोटं कमी पडलात, मास्तर."

पोलिसभरतीत उंची बघतात हे मला ठाऊक होतं. शाळामास्तरालाही उंचीची अट असते हे जाहिरातीत नव्हतं. सुपरिटेंडेंटसाहेबांनी नेमणुकीचा कागद हातात देईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

हे गणपतआबा. पोरांना विणकाम शिकवायचे. मूळचे दोंडाईच्याचे, घराणं विणकरांचं. बाप, आजा, पणजा सगळे मागावरच म्हातारे झालेले.

आमचं सुधारगृह पांझरा नदीच्या पलीकडे होतं. कागदोपत्री त्याला चांगलं भारदस्त नाव होतं, पण गावात टांगेवाल्याला 'पोरांचा तुरुंग' म्हटल्याशिवाय पत्ता कळत नसे. आत चाळीस पोरं. कुणी बाजारात खिसा कापलेला, कुणी बिनतिकिटाचा भुसावळपर्यंत जाऊन आलेला. भिका नावाच्या एका पोरानं दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनातून सरकीचं पोतं पळवलं होतं. का, तर घरची म्हैस आटत चालली होती. कोर्टात त्यानं तसंच सांगितलं, आणि मॅजिस्ट्रेटला म्हशीचं काही वाटलं नाही.

आबांचा फूटपट्टीवर विश्वास नव्हता. "पट्टी सगळ्यांना एकच, दोरा ज्याचा त्याचा," असं ते म्हणत. आणि कुठल्याही वादावर त्यांचा शेवटचा शब्द ठरलेला असे: "सूत खोटं बोलत नाही." एकदा त्यांनी आचाऱ्याच्या वरणाच्या पळीला दोरा गुंडाळून ठेवला. सहा महिन्यांनी पुन्हा गुंडाळला तर दोरा दीड बोट उरला. आचाऱ्यानं पळी बदलली होती आणि आम्ही मात्र भूक वाढली म्हणून पोरांना बोलत होतो. साहेबांच्या पोटाचं मापही आंब्यांच्या आधी आणि आंब्यांच्या नंतर असं दोनदा घेतलं जाई. साहेब रागावत, पण दोरा गुंडाळताना श्वास आत ओढून धरत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आबा चाळीस पोरांना भिंतीशी ओळीनं उभं करत आणि प्रत्येकाची उंची दोऱ्यावर घेत. दोऱ्याला चिंधी, चिंधीवर नाव, आणि दोरा ज्याच्या त्याच्या खुंटीला. आम्हाला वाटे, नव्या कपड्यांची तयारी चालली आहे. नवे कपडे काही कधी आले नाहीत. नवा पोरगा दाखल झाला की त्याचंही माप फाटकातच होई, आणि तो दोरा भिंतीवरच्या त्या टांगलेल्या दोऱ्याशी लावून आबा मान हलवत. त्या दोऱ्याबद्दल कुणी विचारलं की त्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं.

पोरांच्या घरी पत्रं धाडणं हे माझं काम. नियम असा, की प्रत्येकानं महिन्याला एक पत्र लिहायचं आणि ते साहेबांनी वाचून सही केल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. चाळीस पत्रं वाचायचा साहेबांना कंटाळा, चाळीस पोरांना मजकूर सुचवायचा मला कंटाळा. तेव्हा मी फळ्यावर एकच पत्र लिहून देत असे: 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. अभ्यास चांगला चालला आहे. माझी काळजी करू नये.' पोरं ते उतरवून काढत, साहेब वरचं एक वाचत आणि सगळ्यांवर सही ठोकत. या व्यवस्थेवर आम्ही दोघंही खूष होतो.

मग एका भेटीच्या रविवारी असोद्याच्या दोन बाया माझ्यासमोर येऊन बसल्या. दोघींची पोरं आमच्याकडे. दोघींनी आपापलं पत्र गावातल्या एकाच दुकानदाराकडून वाचून घेतलं होतं, आणि दोन्ही पत्रं शब्दाला शब्द सारखी निघाली होती. मागच्या महिन्याचीही तशीच, त्याच्या मागचीही. त्यांनी भांडण काढलं नाही. एवढंच विचारलं, की मास्तर, हे आमच्या पोरांनी लिहिलंय का तुम्ही? पोरं आजारीबिजारी असली तरी तुमच्या कागदात खुशालच असतील, मग आम्ही काय समजायचं?

मी काहीतरी नियमबियम सांगून वेळ मारून नेली, पण मला शरम वाटली. आबा बाजूलाच सुताची कांडी भरत बसले होते. बाया गेल्यावर म्हणाले, "तुमची पत्रं सगळी एका मापाची, मास्तर. पोरं कुठं एका मापाची आहेत?"

त्यांनी सुचवलं ते असं. ज्यांच्या घरची माणसं गाडीभाड्याअभावी भेटीला येऊच शकत नाहीत अशी सात पोरं होती. त्यांच्या आयांना वाचता येत नाही. पण पोराच्या उंचीचा दोरा हातात आला तर त्यांना कळेल, आणि पुढच्या महिन्याचा दोरा लांब निघाला तर वाचायला दुकानदारही लागणार नाही. मला हे फार आवडलं. साहेबांना मात्र आम्ही विचारलं नाही. सुधारगृहातून दोर बाहेर जातो एवढंच त्यांना ऐकू आलं असतं आणि ते रात्रभर झोपले नसते. सह्या झाल्यावर सात पत्रं आणि सात पाकिटं मी आबांच्या हवाली केली. ती कशी बंद केली हे न बघताच थैलीत टाकली. चूक झाली ती तिथे.

चौथ्या दिवशी दुपारी फाटकावर आकांत ऐकू आला. भिकाची आई ठगूबाई शिंदखेड्याकडच्या खेड्यातून नरडाण्यापर्यंत आगगाडीनं आणि पुढे मोटारीनं आली होती. बरोबर दीर आणि भावकीतले चौघं. बाई ऊर बडवत होती. हातात आमचं पाकीट होतं. 

पाकिटाचा एक कोपरा नीट कापलेला होता आणि त्यातून दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं. विणकर सुताची लड बांधतो तेव्हा टोक बाहेर ठेवतो, म्हणजे उलगडताना गुंता होत नाही. आबांनी हाताच्या सवयीनं तेच केलं होतं. आता कोपरा फाडलेलं पत्र दारात आलं म्हणजे कुणीतरी गेलं, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही कळतं. असं पत्र कुणी वाचतही बसत नाही. त्यातून आत निघाला बरोबर पोराच्या उंचीचा दोरा. तसा दोरा त्यांच्या गावी एकाच वेळी घेतात, तिरडीचे बांबू तोडायच्या आधी.

साहेब धावत आले आणि सगळा प्रकार पाहून आबांवर कडाडले, की कोपरा फाडलेल्या पत्राचा अर्थ तुम्हाला ठाऊक नाही? आबा पांढरेफटक पडले होते. "मला कुणाचं पत्र आलंय कधी, साहेब?" ते म्हणाले. "मला कसं ठाऊक असणार?"

ठगूबाईला हे काही ऐकू येत नव्हतं. "मना भिका कोठे शे? माले त्यानं तोंड तरी देखू द्या," एवढंच ती म्हणत होती. तेवढ्यात गलका ऐकून भिकाच मागाच्या खोलीतून बाहेर आला. केसांत, भुवयांवर सगळा कापूस. आईला रडताना पाहून त्यानं घाबरून विचारलं, "माय, कोन मरी गया?"

तिनं आधी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग त्याला असं कवटाळलं की पोराचा श्वास कोंडला. मी तोंड फिरवलं. दीर खाली बसून पागोट्यानं डोळे पुसत होता. साहेबही चष्मा पुसत होते, आणि तो त्यांनी बराच वेळ पुसला.

बाई शांत झाल्यावर आबांकडे वळली. "जित्ता माणूसले कोन मोजस, आबा?" तिनं विचारलं.

"जित्ताच वाढस, माय," आबा म्हणाले. "म्हनीसनच मोजस."

तिनं पाकिटातला दोरा उलगडून तो भिकाच्या टाळूपासून टाचेपर्यंत स्वतः लावून पाहिला. मग आपल्या छातीपाशी आडवा हात धरला. घरातून नेला तेव्हा पोरगा एवढा होता. आता तो तिच्या खांद्याला लागत होता. "चार बोटं वाढना," ती दिराला म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली.

संध्याकाळपर्यंत आणखी पाच घरची माणसं येऊन थडकली. तापीकाठचा एक बाप तर मुंडण करूनच आला होता, आणि त्याच्या पोरानं त्याला ओळखलंच नाही. सातवं पाकीट टपालात हरवलं होतं, त्याबद्दल मी टपालखात्याचा आजही ऋणी आहे. सगळे सुतकाच्या तयारीनं आले असल्यामुळे कुणीच शिदोरी आणली नव्हती. बायांनी आमच्या आचाऱ्याचं वरण चाखलं, एकमेकींकडे पाहिलं आणि त्याला चुलीपुढून उठवलं. त्या दिवशी चाळीस पोरांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पोट फुटेस्तोवर खाल्ला. भेटीचा वार नव्हता, भेटीची वेळ नव्हती. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि थोड्या वेळानं मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला, की दोरा जायला हरकत नाही, पण हळदीत बुडवून आणि पाकिटाचे चारही कोपरे शाबूत ठेवून. फळ्यावरचं पत्र मी त्याच दिवशी पुसलं. पुढच्या महिन्यात भिकानं स्वतःच्या अकलेनं पत्र लिहिलं. त्यात चार ओळी म्हशीबद्दल होत्या. उलट टपाली ठगूबाईचा दोरा आला, तिच्या स्वतःच्या उंचीचा. भिकानं तो गादीखाली ठेवला आणि दर महिन्याला त्याच्याशी स्वतःला लावून बघायला लागला.

त्या आकांताच्या संध्याकाळी मंडळी परतल्यावर आबा दिसेनात, म्हणून मी मागाच्या खोलीत गेलो. ते भिंतीवरच्या त्या दोऱ्यापुढे उभे होते. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, तो दोरा एकसंध नव्हताच. खाली पोराच्या उंचीचा एक लांब तुकडा आणि त्याला वर एकापुढे एक जोडलेले छोटे तुकडे, मध्ये गाठी. मी गाठी मोजल्या. बारा होत्या. वरच्या गाठी अगदी जवळजवळ आलेल्या. या वेळी मी विचारलं तेव्हा आबांना कुठलंही काम आठवलं नाही.

त्यांचा राघो नऊ वर्षांचा असताना खेळता खेळता मागावर चढवलेल्या उभ्या सुताचा सगळा ताणा कापून बसला. आठ दिवसांची मेहनत. आबांनी हातातल्या काठीनं त्याला झोडपला. पोरगा त्याच दिवशी दोंडाईच्याला मालगाडीत चढताना कुणाला तरी दिसला, तो शेवटचा. बायको आधीच वारली होती. पळालेली पोरं कधीतरी असल्या ठिकाणी आणतात असं कुणीसं सांगितलं म्हणून आबांनी इथली नोकरी धरली. दर दिवाळीला ते दोऱ्याला तुकडा जोडत आणि येईल त्या नव्या पोराचं माप त्याला लावून बघत.

पण तुकडा केवढा जोडायचा हे कसं कळतं, मी विचारलं.

आबांनी खुंट्यांकडे बोट केलं. चाळीस दोरे, चाळीस चिंध्या. "ह्या बठ्ठा पोऱ्या वाढतस ना," ते म्हणाले, "तव्हय मना बी वाढस." म्हणजे ही सगळी पोरं वर्षात जेवढी वाढत, तेवढाच तुकडा राघोच्या दोऱ्याला.

मग त्यांनी सांगितलं, की गेल्या दिवाळीला गाठ मारली नाही. राघो आता बाविसाचा झाला. उंची वाढायचं वय सरलं. आता त्याला कुणी धरून इथं आणायचं नाही, यायचा असला तर तो स्वतःच्या पायांनी येईल. हे त्यांनी अशा हलक्या आवाजात सांगितलं, की त्यांना त्याचं थोडं बरंच वाटत असावं.

रुजू झालो तेव्हा मी बाविसाचा होतो. माझं वय आबांनी साहेबांकडून आधीच विचारून घेतलं असणार. आणि मी सहा महिने मनातल्या मनात या माणसावर रुसून होतो.

मी टोपी काढली आणि त्या दोऱ्याखाली भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मग हळूच टाचा उचलल्या, दोन बोटं.

आबांनी माझ्या पायांकडे पाहिलं.  मग माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मला अलगद खाली दाबलं. "टाचा टेका, मास्तर," ते म्हणाले. "सूत खोटं बोलत नाही."

हात मात्र त्यांनी लगेच काढला नाही.